उलटं वाचणारा

रावपुऱ्यात आमची पाटी अजून आहे:
तांबवेकर, रबरी शिक्के.
मुलगा म्हणाला, आता ती फोनमध्ये हवी,
लोक गल्लीत शिरायच्या आधी तिथं बघतात.

तीन कोटेशनं आली.
अलकापुरीवाल्यानं एसीत बसवलं, साठ हजार सांगितले,
पडद्यावर दुकान इतकं चकचकीत
की मलाच आत जायला संकोच वाटला.
सयाजीगंजचा म्हणाला, काका, आठ हजार, चार दिवस,
डोमेन आमच्या नावावर राहू द्या,
तुम्हाला कशाला कटकट.

कटकट.
चाळीस वर्षं उलटी अक्षरं कोरतोय मी,
सरळ लिहिलेलं जरा उशिरा कळतं.
रात्री ऑर्डरींची वही काढली.
'पंधरा वर्षांचा अनुभव':
त्यांचा पहिला शिक्का मीच केला होता,
गेल्या आखाडात.
अलकापुरीचे चार निघाले,
दर वेळी मालक तोच, कंपनीचं नाव नवं.

आणि मांजलपूरची ध्वनि पंचाल.
एकच शिक्का, सहा वर्षांपूर्वीचा.
रबर दोनदा बदलून नेलं,
लाकडी मूठ तीच.

तिनं आधी विचारलं होतं,
साइट बंद पडली तर फोन कोण करेल, तुम्ही की मुलगा?
मग म्हणाली, पासवर्ड तुमच्या वहीत लिहा,
माझ्याकडे नको.

बावीस हजार, तीन हप्ते.
मुलगा कुरकुरला, तिची स्वतःचीच साइट किती साधी!

करारावर शिक्का मारला.
हात हलला, थोडा तिरका उमटला.
'चालशे, काका,' ती म्हणाली,
'वाचता येतोय.'