शेवटचा खळगा

खिडकीबाहेर हजरचे डोंगर, उघडे, तपकिरी,
सेहेचाळीस अंशांत भाजत पडलेले.
आत आम्हाला स्वेटर लागतो.
डोंगर पोखरून उंदीर काढला, असं आमच्याकडे म्हणतात.
अल-खूदच्या या प्रयोगशाळेत उलटं चालतं:
उंदीर पोखरायचा, आणि बघायचं
कुठं डोंगर लागतो का.

आज सोळा. काळे, मुठीत मावणारे,
विमानानं आलेले, माझ्यासारखेच करारावर.
यकृत एका नळीत, मेंदू दुसरीत, हृदय तिसरीत,
रक्ताला बर्फाची बादली वेगळी.
नळ्यांवर नुसते आकडे.
निरोगी कोण, ते आम्हाला सांगत नाहीत.

दोष एका अक्षराचा आहे.
शाळेत ऐकलेला 'ध'चा 'मा' आठवतो मला,
पण इथं तसं कारस्थान नाही,
इथं 'ध' फक्त सैल बसलाय.
प्रथिन बनतं, घडी पडते, कामालाही लागतं
आणि लवकर उसवतं.
(झुवैना घाईत असली की पिपेटचं बिबेट होतं.
तेही अक्षरच. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.)

यकृताचं भागतं. उसवलं की नवं विणतं,
कृतीची वही त्याच्या घरातच असते.
लाल पेशी मात्र निघतानाच
केंद्रक टाकून देते, वहीसकट,
आणि बांधून दिलेल्या शिदोरीवर
उंदराच्या अंगात चाळीसेक दिवस हिंडते.
शिदोरीच कच्ची असेल
तर अर्ध्या वाटेत डबा रिकामा.

यंत्र तीनशे चाळीसवर लावायचं,
डोळ्यांना न दिसणारा उजेड.
दहा मिनिटं. प्रथिन जितकं जागं
तितकी रेघ चढते.
यकृताच्या चढल्या, काही दमत दमत.
रक्ताच्या निम्म्या जमिनीलगत पडून राहिल्या.
त्यातल्या एकीवर बोट ठेवून झुवैना म्हणाली,
"हा आमचा यक्झान."

यक्झान म्हणजे जागा असलेला.
सहा वर्षांचा. मागच्या ईदला शेजारणीनं
लाडानं बाकल्याची वाटी पुढं केली
(फूल म्हणतात इथं, फुलाशी संबंध नाही),
आणि तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी,
डोळे हळदीचे, रात्रभर दुसऱ्याचं रक्त.

गुरुवारी सगळे गेल्यावर
तिनं हात धुतले, बांगड्या वर सारल्या
आणि सुई आपल्याच बोटात टोचली.
शहाण्णवातला शेवटचा खळगा रिकामा होता.
"लिहू नकोस," म्हणाली.
मी नुसतं घड्याळ धरलं.

रेघ मधून निघाली,
चढणाऱ्यांच्या खाली, पडलेल्यांच्या वर,
मादी उंदरांची निघते तशीच.
"दोन होती माझ्याकडे," पडद्याकडे बघत ती म्हणाली,
"एक धड, एक हे.
त्याला नेमकं हे गेलं."
मग तिनं खुर्ची सरळ केली,
अबायाला लागलेला कापूस झटकला
आणि गाडीची किल्ली शोधत राहिली,
हातातच असलेली.

वहीत शेवटच्या खळग्यापुढं
मी लिहिलं: रिकामा.
आणि खोडलं.
आमच्याकडे नियम आहे,
खोडताना एकच आडवी रेघ,
खालचं वाचता आलं पाहिजे.