पंधरा किलो तांदूळ

कुंदाच्या यादीत शहरं नऊ आणि दिवस अकरा.
शेवटच्या दोन शहरांपुढे तिने लिहिलं होतं:
एवढं जातोयच तर.

मी एकतीस वर्षं तुर्भे डेपोत वेळापत्रकं केली.
कागदावर बस कधीच अडकत नाही,
कागदावर ड्रायव्हरला लघवीला लागत नाही,
आणि डेपोपासून पहिल्या थांब्यापर्यंतचे रिकामे किलोमीटर
कुठल्याच तिकिटावर छापलेले नसतात.
मला ते दिसतात. अजून, झोपेतसुद्धा.

म्हणून तिची यादी मी ड्यूटीच्या तक्त्यावर उतरवली,
लाल पेनाने.
विमान हनोईला टेकतं पहाटे साडेपाचला,
खोली मिळते दुपारी दोनला.
मधले साडेआठ तास, म्हटलं, कुठे उभे करायचे?
आणि शहर बदललं की अर्धा दिवस गेला:
बॅग भरा, खोली सोडा, टॅक्सीवाल्याशी घासाघीस,
नव्या जागी नळाचं गरम पाणी कुठल्या बाजूला ते शोधा.
नऊ शहरं म्हणजे आठ अर्धे दिवस,
म्हणजे चार दिवस आपण व्हिएतनाममध्ये नसूच.
कुठेच नसू.

"हनोई ते ह्वे रात्रीची गाडी आहे. झोपेत जाऊ."
तेरा-चौदा तास. तुला नाशिकला जाताना डोळा लागत नाही.
"बरं, दा नांग ते होई आन कितीसं?"
बेलापूर ते ठाणे.
"मग!"
हे मात्र मला मान्य करावं लागलं.

पुढचे दोन दिवस घरात फक्त कुकर बोलत होता.

तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, करून बघू.
पुतण्याने दिलेली चाकांची बॅग,
तिच्यात पंधरा किलो वाडा कोलम,
माझ्या पाठीवर सॅक, पाण्याच्या दोन बाटल्या,
तिच्या पर्समध्ये गुडघ्याचा पट्टा,
घातलेला नाही, पण घेतलेला.
सकाळी सहाला आम्ही नेरूळच्या तलावावर पोचलो.
फरश्यांवर बॅगेची अशी काही खडखड
की बगळे उठले.
रोज उलट्या दिशेने चालणारे गाडगीळ थबकले,
"अहो वायंगणकर, कुठे निघालात?"
"हनोई," कुंदा म्हणाली,
आणि न थांबता पुढे गेली.

पहिल्या फेरीत तिने बँकॉक सोडलं, सिएम रीप सोडलं.
दुसऱ्या फेरीत, झाडाला टेकून, "राहू दे ते सायगाव."
मी काही बोललो नाही.
रद्द झालेल्या फेरीवर बोलू नये, हे डेपोत शिकलोय.
मग बॅगेचं चाक निखळलं आणि गवतात गेलं.
दोघं वाकून शोधतोय, दोघं आपापल्या गुडघ्यांना शिव्या देतोय,
आणि तिला हसू फुटलं.
"इथे निखळलं ते बरं. तिकडे चाकाला काय म्हणतात?"
मला माहीत नव्हतं. ते तक्त्यात नव्हतंच.

बाकावर बसून, तांदळावर पाय ठेवून,
तिने माझ्या हातातून पेन घेतलं.
हनोई. होई आन.
मध्ये दा नांग, दोन रात्री, समुद्रासाठी.
सातव्या दिवसाचा चौकोन कोरा.
"इथे काय?"
"इथे मी बसणार. कुठे, ते तिथे गेल्यावर बघू."

खाली समासात, बारीक अक्षरात, उरलेली सहा नावं
आणि त्यांच्यापुढे: पुढच्या वेळी.
मी त्रेसष्ट, ती एकसष्ट.
पासपोर्ट दहा वर्षांचा.
हात सवयीनेच पुढे झाला आणि मी खाली लिहिलं:
पुढील फेरीची वेळ नंतर कळविण्यात येईल.

मग रिक्षा केली.
दुपारी त्याच तांदळाचा भात.
कणी जरा जास्त निघाली.