च-ची भाषा

नळस्टॉपच्या सिग्नलला, एकशे चार सेकंदांत,
ऋजुताने माझ्या पाठीला सांगितलं.
मला नाही, पाठीला.
हेल्मेट, आत स्कार्फ, शेजारी धडधडणारी पीएमटी;
अर्धं ऐकू आलं,
अर्धं तिच्या हनुवटीतून माझ्या मणक्याला कळलं.

चौघी आहेत. सहावी ब.
मधल्या सुट्टीत चिंचेखाली बसतात.
ऑगस्टपर्यंत ऋजुताही बसायची.
गणपतीची सुट्टी संपली, हिने डबा उघडला,
तर चौघी भलतंच बोलत होत्या.
चलाहि चकोन चऊघे.
आणि हसत होत्या.
‘आई, तेलुगू आहे का गं?’

सिग्नल सुटला. घरी बघू, म्हणाले.
वारज्यापर्यंत उगाच ब्रेक दाबत राहिले.

पावटे सोलायला बसलो.
दुर्लक्ष कर, तूच शहाणी हो,
ही वाक्यं मी पुलावरच फेकून दिली होती.
बाईंशी बोलू का, तेवढं विचारलं.
‘नको. मग चौघींच्या सहाजणी होतील.’

म्हणून मला जे येत होतं ते शिकवलं.
पहिलं अक्षर उचल, शेवटी नेऊन ठेव,
रिकाम्या जागी च.
बस, एवढंच.

तिचे ओठ हलत राहिले.
गणित सुटल्यासारखं आधी हसली,
आणि मग, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं,
मग तिला ते वाक्य कळलं.
शेंग हातातच राहिली.

‘तुला कशी येते?’
आम्हीपण बोलायचो, शाळेत.
कुणाशी, असं विचारेल वाटलं होतं.
तिने विचारलं, ‘कुणासमोर?’

हेमांगी पासलकर.
वेल्ह्याहून आलेली, मामाकडे राहायची.
आम्ही हसलो की तीही हसायची,
अर्धा क्षण उशिरा,
जणू तिलाही विनोद कळलाय.
दिवाळीनंतर ती आली नाही.
शाळा बदलली म्हणाले. कुणी चौकशी केली नाही.
मीही नाही.

‘वाईट होती ती?’
नाही.
‘मग?’
मग काहीच नाही. पाचवी कुणीतरी बाहेर असली
की आम्हा चौघींना आपण चौघी आहोत असं वाटायचं.
तिचं काही चुकलं नव्हतं, ऋजू.
तुझंही नाही.

ती उठली. पावटे तसेच.
रात्री ताट घेऊन बाबाशेजारी बसली,
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
बरोबरच होतं तिचं.
वरणाला मीठ घालायचं राहिलंय
हेही मला कुणी सांगितलं नाही.

सकाळी वेणी मात्र माझ्याकडूनच घातली.
घट्ट घाल, एवढंच बोलली.

पुन्हा नळस्टॉप. पुन्हा ते लाल आकडे उतरत चाललेले.
चाळीसच्या आसपास
पाठीवर हनुवटी टेकली.
‘चतीभी चटतेवा.’

मला वेळ लागला. तीस वर्षांत
जीभ जड झाली आहे.
अक्षरं उचलून जागच्या जागी ठेवेपर्यंत
सिग्नल हिरवा झालेला,
मागचे काका सगळ्या पुण्याच्या वतीने
माझा उद्धार करत होते.

करू देत.
मी मान वळवली, स्कार्फ खाली ओढला,
आणि पाठीने नाही, तोंडाने म्हणाले,
चलाम चणप.