पुली

राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत मगदूम मॅडमनी
शालनचा उजवा हात कोपरात धरून वर नेला.
खांद्याच्या रेषेपाशी तो अडला,
गंजलेल्या नटासारखा.
मी म्हणालो, थोडं तेल सोडून बघा की.
दोघींपैकी कुणीच हसलं नाही.

मॅडमनी मोबाईलवर चित्र दाखवलं:
दाराला अडकवायची पुली, दोरी, दोन मुठी. बाराशे रुपये.
"बऱ्या हातानं खाली ओढायचं,
आखडलेला आपोआप वर जातो.
दिवसातून तीन वेळा. रडू आलं तरी वीस."

बाराशे!
तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा आहे मी.
गुऱ्हाळाच्या चरकाच्या, पिठाच्या गिरणीच्या, पंपाच्या,
किती पुल्या काढल्या याचा हिशेब नाही
आणि बायकोच्या खांद्याला विकतची?

रविवारी शटर अर्धं ओढून काढली.
ॲल्युमिनियमचा उरलेला तुकडा, खोबण दोरीच्या मापाची,
आत बासष्ट झिरो दोनचं बेअरिंग,
मुठी नातवाच्या मोडक्या सायकलच्या.
दोरी गंगावेशीतून घेतली.
दुकानदार म्हणाला, म्हैस नवी काय?
मी पैसे मोजले.

स्वयंपाकघराच्या चौकटीला हुक ठोकला,
खाली स्टूल.
पहिल्या ओढीला शालननं माझ्या सात पिढ्या काढल्या,
आठवी पोरांची, म्हणून थांबली.
डोळे मिटून, ओठ चावून, वीस.
बोटं जिथवर पोचली तिथं मी भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारायचो.
कधी पाऊण इंच. कधी दोनच सूत.
दिवाळीच्या आठवड्यात उलट एक सूत खाली,
चकलीचा सोऱ्या कुणी दाबला ते विचारू नका.

मुल्लाणी भाभी आल्या, डावा खांदा घेऊन.
मग वरच्या आळीतली आक्काताई.
दुपारी स्टुलापुढं नंबर लागायचा,
एक ओढायची, दुसरी मोजायची,
मोजता मोजता कुणाच्या सुनेचं निघायचं
आणि वीसाचे तीस व्हायचे.

या सगळ्या महिन्यांत वेणी मी घालत होतो.
शालनच्या पाठीमागं उभा राहून, सात वाजता,
कामावर जायच्या आधी.
तीन पेड सारख्या जाडीचे करायला
मला पंधरा दिवस लागले;
थाऊत काम करणारा माणूस मी.
भाभी म्हणायच्या, खोबरेल लावता की कूलंट?
शालन काही म्हणायची नाही.
मान जरा मागं सोडायची, एवढंच.

फेब्रुवारीत एका सकाळी
फणी घेऊन गेलो तर ती आरशापुढं,
दोन्ही कोपरं वर, दोन्ही हात डोक्यामागं.
"मी घालतो आता," म्हणाली,
"सरका की जरा, उजेड अडतोय."
वेणी वाकडी आली होती, डावीकडं.
मी बोललो नाही.

त्या दिवशी एका शाफ्टला माप चुकलं.
कच्चा पोऱ्या चुकतो तसं.
शेठ काही बोलले नाहीत, नुसता जॉब भंगारात टाकला.

रात्री पाण्याला उठलो.
चौकटीत दोरी लोंबत होती.
स्टुलावर बसलो, मुठी धरल्या,
डावा खाली, उजवा वर.
बेअरिंगचा आवाज नाही. मीच बसवलेलं.
कुठंच दुखत नव्हतं.
तरी वीस केले.