अंड्यांचा कप्पा

खोली नंबर चौदा, शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
आठ जणांत एक फ्रीज.
दारातल्या अंड्यांच्या कप्प्यात, डावीकडून तिसऱ्या खळग्यात
माझं इन्सुलिनचं पेन उभं असतं.
चिठ्ठी चिकटवलीय: मु. परकार. हात लावू नये.
खोलीत मराठी वाचणारा मी एकटाच,
म्हणजे ताकीद मलाच.

पहाटे चारला, बाथरूमची कडी लावून
शर्ट दातांत धरायचा, पोटात सुई.
एका खुबूसला चार युनिट.
भाताचा हिशेब अजून जमत नाही,
बीरान्कुट्टी वाढायला लागला की
त्याच्या हाताला ग्रॅम कळत नाहीत.

अम्मा फोनवर विचारते, गोड खात नाहीस ना?
दापोलीत अजून सगळ्यांना वाटतं
हा साखरेचा गुन्हा आहे, मी लहानपणी केलेला.
नाही गं, एकशे दहा आहे, मी सांगतो.
मांडीवरचं मशीन दोनशे चाळीस दाखवत असतं.
आकड्याला आवाज नसतो, एवढं बरं.

जुलैत, अल नहदाच्या एका छतावर
कॉम्प्रेसर उघडून बसलो होतो
आणि हातातला पाना दुसऱ्या कुणाचा वाटायला लागला.
घाम सगळ्यांनाच फुटलेला,
माझा तेवढा थंड.
चौपन्न.
खिशातला खजूर पाघळून कागदाला चिकटलेला,
कागदासकट चघळला.
फोरमन म्हणाला, ऊन लागलं का?
मी म्हटलं, हो.
उन्हाच्या नावावर इथे काहीही खपतं.

रमजानात डॉक्टरने रोजा नको म्हणून सांगितलं.
दुपारी पंपरूमच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बिस्किटं,
संध्याकाळी सगळ्यांबरोबर इफ्तारीला हात पुढे.
अल्लाला माहीत होतं.
चौदा नंबरला नव्हतं.

मग डंबर आला, पोखऱ्याकडचा, बावीस वर्षांचा,
माझ्या वरच्या बंकवर.
रात्री चारदा शिडी उतरायचा.
उशाशी दीड लिटरची बाटली, सकाळी रिकामी.
सगळे त्याला उंट म्हणायचे, तोही हसायचा.
इथे तहान आजारात धरत नाहीत.
त्याचा पट्टा दोन भोकं आत गेला
तेव्हा मला शिडीवरून उतरताना दिसलं
माझंच एकोणिसावं वर्ष.

दोन वाजता शिडीपाशी उभा राहिलो.
बोट दे, म्हटलं.
कशाला?
मी बनियन वर केलं.
निळे, पिवळे, काही काळपट ठिपके,
पाच वर्षांची हजेरी.
त्याने काही न विचारता बोट दिलं.
मशीन पाचपासून उलटं मोजत आलं.
चारशे बारा.
डंबर म्हणाला, हे चांगलं की वाईट?

ट्यूब लागली. बीरान्कुट्टी उठून बसला, मग बाकीचे.
कोण आजारी आहे?
मी म्हटलं, दोघं.
हॉस्पिटलच्या टॅक्सीचे पैसे कुणी दिले
यावर अजून भांडण चालू आहे.

आता अंडी दोन कमी मावतात.
डंबरच्या पेनावर नेपाळीत लिहिलंय, नछुनु.
अक्षरं आपलीच, मी सहज वाचलं.
तो म्हणाला, तुझी चिठ्ठीही मी पहिल्याच दिवशी वाचली होती,
वाटलं, लोणच्याचा कसला तरी प्रकार असेल.

बीरान्कुट्टी आता वाटीने मोजून भात वाढतो.
मोजून झाला की
आमच्या दोघांकडे बघत
वर एक चमचा टाकतो.
त्या चमच्याला किती युनिट,
अजून शोधतोय.