मुलाखत क्रमांक अकरा

ठरल्या वेळेआधी दहा मिनिटं मी खोलीत असते.
म्हणजे त्या खोलीत, जिला दार नाही,
नुसती एक लिंक आहे, मीच पाठवलेली.
दोरीवरचे कपडे कॅमेऱ्याबाहेर सरकवते,
दिवा डावीकडे घेते, पाण्याचा पेला, प्रश्नांचा कागद,
आणि वाल्दिव्हियाच्या नदीवरून
समुद्रसिंहांचं भुंकणं आत येऊ नये
म्हणून खिडकी लावून घेते.

एदेल्मिरा नाउएलकिन आली ती आधी कपाळ म्हणून.
मग छत. पत्र्याचं, आणि त्यावर केयोनचा पाऊस,
असा की पहिली चार वाक्यं त्यालाच द्यावी लागली.
"माझा आवाज येतोय?"
"तुझा आवाज येतोय, तोंड मागून येतंय."

संमतीपत्र मी मोठ्याने वाचलं.
आवाज नोंदवला जाईल, चेहरा नोंदवला जाईल,
कधीही थांबता येईल, कारण सांगावं लागणार नाही.
"कारण सांगावं लागणार नाही," ती पुन्हा म्हणाली,
मीठ चाखून बघावं तसं.

सॅमन कापायच्या पट्ट्यावर किती वर्षं?
चौदा.
मुकादम चांगला आहे. हातमोजे वेळेवर मिळतात.
थंडीचं काय, सवय होते.
उत्तरं छान येत होती. फारच छान.
वहीत मी लिहिलं: गुळगुळीत.
तेवढ्यात तिच्या पाठीमागे एक किटली सरकली
आणि एक बाही, फुलाफुलांची, तिची नसलेली.

वाय-फाय घरमालकिणीचं होतं. स्वयंपाकघरही.
आणि घरमालकीण कोण, ते मला कळलं
चॅटच्या खिडकीत एकेक अक्षर टिचत आलं तेव्हा:

मुकादमाची मावशी आहे
मोठ्याने विचारत रहा

तर मी विचारत राहिले.
मधे सुट्टी मिळते? "मिळते की," पावसाच्या वर आवाज काढून.
खाली: लघवीला जायला नंबर लावतात
जेवण? "गरम असतं."
खाली काहीच नाही.
जेवण खरंच गरम असावं. मला बरं वाटलं,
का ते सांगता येणार नाही.
हात?
"हात ठीक."

मग खाली तीन ठिपके.
उगवायचे, मावळायचे, परत उगवायचे.
वर्गात शिकवतात, शांतता भरू नका, तिला बसू द्या.
मी बसू दिली.
त्या ठिपक्यांमागे काय चाललंय
ते एकतीस सेकंदांनी आलं:

दोन बोट मिटत नाही
त्यातल एक हे टाईप करतय

चित्र गोठलं. तोंड अर्धवट उघडं,
हो म्हणताना की नाही म्हणताना, कळेना.
सुटलं तेव्हा किटली शिट्टी घालत होती.

शेवटी रिवाजाप्रमाणे: तुम्हाला काही विचारायचंय?
"तिकडे कसला आवाज येतोय मघापासून?"
म्हणजे खिडकीचा उपयोग झाला नव्हता.
मी ती उघडली, लॅपटॉप उचलून नदीकडे धरला.
समुद्रसिंह भुंकले.
फुलाफुलांची बाही पुढे वाकली, चौकटीत आली, म्हणाली,
"लठ्ठ झालेत मेले, फुकटचा मासा खाऊन!"
तिघी हसलो. खरोखरच हसलो.

नोंद झाली बावन्न मिनिटांची. चॅट तिच्यात नाही.
यंत्राने जे जपलं ते सगळं
मावशीला ऐकवण्याजोगं.
मी संमती आवाजाची घेतली होती, चेहऱ्याची घेतली होती,
बोटांची मागितलीच नव्हती.
खोली बंद करायच्या आत घाईने टंकलं:
हे वापरू का?

नाव नको
बोटांच लिही

रात्री टेप उतरवताना त्या जागेशी आले.
हात? हात ठीक.
पुढे पाऊस, एक खुर्ची ओढल्याचा आवाज,
आणि कळफलकाची टकटक, इतकी बारीक
की माहीत नसेल त्याला पाऊसच वाटेल.
एकतीस सेकंद.
मी कंस उघडलाय.