जास्तीचा एस

बंदरावरच्या कचेरीत माझा तो नववा दिवस.
बाहेर गारा, आत रॉकेलची शेगडी आणि हेरिंगचा वास.
'सेलँडीन' रात्री परतली नव्हती,
दुसऱ्या रात्रीही नाही,
आणि यादी टाइप करायला मला बसवलं.

बोटीवर सातजण. डावीकडे त्यांची नावं,
उजवीकडे कळवायचं कुणाला ते.
म्हणून मथळ्यात मी लिहिलं : नेक्स्ट ऑफ किन्स.
इंग्रजीत मला शाळेचं बक्षीस होतं.

एफी बुकननं कपाळावरचा चष्मा खाली ओढला,
एस खोडला,
इतका हळू, की कागदावर कुणी झोपलं असावं.
'हा शब्द वाढत नाही, पोरी.
एक असो, अकरा असोत.
आणि मध्ये जोडरेघा घालू नकोस.'

मला वाटलं, म्हातारीचा काटेकोरपणा.

मग दार उघडलं.
जेसी वॉट एकटीच आली.
नवरा, थोरला अँगस, धाकटा रॉरी :
तिन्ही ओळींसमोर तीच.
मी तीनदा टाइप केलं, तिनं तीनदा सही केली,
तिसऱ्या सहीत वॉटचा शेवटचा टी राहून गेला.

इंजिनवाल्या मन्रोसाठी दोघी आल्या,
एक इथली,
एक स्टोर्नोवेच्या फेरीनं, अंगावर पातळ कोट.
बाकावर दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा उरली.
एफीनं एकाच किटलीतला चहा दिला,
आणि रकान्यात दोन्ही नावं बसवली,
बारीक अक्षरात, एकीखाली एक.

स्वयंपाक्यानं स्वतःच लिहून ठेवलं होतं :
'खानावळीच्या मिसेस गेरी.
तिला सांगा, भाडं चहाच्या डब्यात आहे.'

उरलेल्या दोघांचे लोक उजाडेपर्यंत आले नाहीत.
मथळा वर तेवढाच.
एस होता तिथे कागद झिजून
दिव्यासमोर धरला की उजेड येत होता.

घरी वडील घोरत होते.
कपाटातून मी त्यांची खलाशी पुस्तिका काढली,
तो रकाना शोधला.
आईच्या नावावर एकच सरळ काट, शेजारी तारीख :
तिला पुरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची.
खाली त्यांच्या जाड, वाकड्या अक्षरात माझं नाव.
इसोबेल. शेवटी एल दोन.

पेन्सिल माझ्या कानावरच होती.
तो एल मी राहू दिला.